सळई खरी कीं वही खरी?

ज्या घरांतून एखादा मुलगा अगर मुलगी इंजिनियरिंगच्या कॉलेजांत जात आहे, त्या घरांत सत्राच्या शेवटीं एक रात्र अशी येते कीं, त्या रात्रीं कोणीच वेळेवर निजत नाहीं. दुसरे दिवशीं 'सबमिशन' असतें. जेवणाचीं पानें उचललीं जातात न जातात तोंच माजघरांत जर्नलें पसरतात. मुलगा प्रयोगांचे निष्कर्ष लिहूं लागतो. अक्षर वळणदार म्हणून थोरली बहीण 'उद्देश' व 'साहित्य' उतरवून देते. वडील चष्मा सांवरून आलेखाच्या कागदावर रेघा ओढतात. आणि आई मधून मधून चहा आणून ठेवते. मध्यभागीं, चौरंगावर पोथी ठेवावी तसें, एका मित्राचें जर्नल उघडें ठेवलेलें असतें. सर्व कांहीं त्यांतूनच उतरावयाचें. त्या मित्रानें तें गेल्या वर्षींच्या एका विद्यार्थ्याच्या वहींतून उतरलेलें असतें. आणि त्या विद्यार्थ्यानें तें कोणाच्या वहींतून घेतलें, हें शोधूं गेल्यास एखादा कुलवृत्तान्तच लिहावा लागेल.

दुसरे दिवशीं सही मिळते, गुणहि बरे मिळतात, आणि घर सुटकेचा निःश्वास टाकतें. या प्रकारांत कांहीं वावगें झालें असें कोणासच वाटत नाहीं. ज्या घरांत दुसऱ्याच्या पेन्सिलीचा तुकडाहि न विचारतां उचलूं नये असें लहानपणापासून शिकविलें जातें, त्याच घरांत, न घेतलेले आंकडे आपण घेतले असें लिहिण्यास सगळेजण मोठ्या प्रेमानें हातभार लावतात! हा मुलगा पुढें इंजिनियर होणार. धरणाच्या भिंतींतील काँक्रीट तपासल्याच्या कागदावर, पाळण्याच्या दोराच्या दाखल्यावर, एखाद्या पुलाच्या अहवालावर त्याची सही येणार. अशा सहीचा पहिला सराव तो या रात्रीं करीत असतो, ही गोष्ट आपल्या लक्षांत येत नाहीं.

पण याचा सर्व दोष मुलाच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. माझ्या मतें खरा दोष प्रयोगशाळेंतील अभ्यासक्रमाची आंखणी जशी होते व त्याची परीक्षा जशी घेतली जाते, तीमध्यें आहे. विद्यार्थी नेहमीं जें तोललें जातें तें शिकतो. आपण वहीचें वजन करूं लागलों म्हणजे तो वही जड करतो, आणि हातानें काम करण्याची विद्या हलकी राहते. हें नुसतें बोलून पटणार नाहीं. म्हणून एक साधाच प्रयोग उदाहरणादाखल घेऊं.

बहुतेक प्रत्येक इंजिनियरिंग कॉलेजांत पोलादाची सळई ताणून पाहण्याचा प्रयोग असतो. यंत्राच्या दोन जबड्यांत सळई धरतात, हळूहळू ओढ वाढवितात, आणि कोणत्या ओढीस ती किती लांबली हें टिपून ठेवतात. या आंकड्यांवरून यंगचा गुणांक काढावयाचा असतो; म्हणजे तें पोलाद ताणास किती दाद देतें याचें माप. पुस्तकांत हा गुणांक दर चौरस मिलिमीटरास सुमारें दोन लक्ष न्यूटन असा दिलेला असतो. आतां १२ मिलिमीटर व्यासाची सळई घेतली व तीवर सुमारें २२,६०० न्यूटन, म्हणजे जवळ जवळ २,३०० किलोग्रॅम वजनाइतकी ओढ दिली, तर दर चौरस मिलिमीटरावर २०० न्यूटन ताण येतो. एवढ्या ताणानें सळईचा २०० मिलिमीटर लांबीचा भाग किती लांबेल? अवघा ०.२ मिलिमीटर! लिहिण्याचे साधे दोन कागद एकावर एक ठेवले असतां जेवढी जाडी भरेल, तेवढा. आणि मोजपट्टीवरील लहानांत लहान भाग असतो एक मिलिमीटरचा.

आतां विद्यार्थ्यानें यंत्रावरच बसविलेल्या पट्टीवरून हें लांबणें मोजलें तर काय होईल? जबड्यांचे दांत सळईंत थोडे रुततात, सळई किंचित् सरकते, यंत्राचा सांगाडाहि थोडा वांकतो, आणि हें सारें सळईच्या लांबण्यांत मिसळून जातें. समजा, असें ०.४ मिलिमीटर अधिक मोजलें गेलें. तर एकूण लांबणें ०.६ मिलिमीटर होतें, आणि गुणांक दोन लाखांच्या ठिकाणीं सदुसष्ट हजारांच्या आसपास येतो. विद्यार्थ्यानें लबाडी केली नाहीं, गणितहि चुकविलें नाहीं. तरी उत्तर पुस्तकाच्या एक तृतीयांश!

मीं स्वतः विद्यार्थी असतांना हा प्रयोग केला, तेव्हां नेमकें असेंच घडलें होतें. उत्तर सत्तर हजारांच्या घरांत आलें. मी गोंधळून शिक्षकांकडे गेलों. ते स्वभावानें वाईट नव्हते. पण त्यांना त्या दिवशीं आणखी तीन तुकड्या उरकावयाच्या होत्या. ते म्हणाले, "पुस्तकांत किती दिला आहे तें पाहा, आणि आंकडे त्याप्रमाणें बसवून आण." मीं उलट दिशेनें गणित करून आंकडे बसविले, ते अगदीं खरे दिसावेत म्हणून त्यांत थोडी चूकहि मुद्दाम घातली, उत्तर दोन लक्ष पांच हजार आणलें आणि दहापैकीं नऊ गुण मिळविले. त्या दिवशीं यंत्र मला खरें सांगत होतें, "मी स्वतःच लवतों, माझ्या पट्टीवर विसंबूं नकोस." इंजिनियरास याहून मोलाचा धडा क्वचितच मिळेल. पण तो ऐकावयास कोणासच सवड नव्हती. त्या नऊ गुणांची आठवण मला अजूनहि सुखाची वाटत नाहीं.

प्रयोगशाळा शिक्षणांत मुळांत आली ती याच्या अगदीं उलट कारणासाठीं. आपल्याकडे पुण्यास १८५४ सालीं इंजिनियरिंगचा वर्ग निघाला, तो इमारती, कालवे, रस्ते, पूल वगैरे सार्वजनिक कामांवर देखरेख करणारीं माणसें तयार करण्याकरितां. मात्र इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांनीं पदार्थांची शक्ति स्वतः मोजून पाहावी, म्हणून कॉलेजांतच प्रयोगशाळा असावी, ही कल्पना १८७८ च्या सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत प्रोफेसर अलेक्झांडर केनेडी यांनीं प्रत्यक्षांत आणली. त्याच शहरांत डेव्हिड कर्कल्डी नांवाच्या गृहस्थाचा लोखंड-पोलाद तपासण्याचा कारखाना होता. त्याच्या दारावर दगडांत वाक्य कोरलेलें आहे, त्याचा आशय असा कीं, येथें वस्तुस्थिति मिळेल, मतें नव्हेत.

या वाक्याचें मोल लौकरच दिसून आलें. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्रीं वादळामध्यें स्कॉटलंडांतील टे नदीवरील रेल्वेचा पूल कोसळला आणि त्यावरून जाणारी गाडी नदींत गेली. गाडींतील एकहि मनुष्य वांचला नाहीं. चौकशीच्या वेळीं पुलाचे कांहीं भाग कर्कल्डीच्या यंत्रावर ओढून पाहण्यांत आले. तिरप्या पट्ट्या ज्यांना जोडल्या होत्या ते ओतीव लोखंडाचे कान अपेक्षेच्या मानानें फारच थोड्या ओढीस तुटले. कागदावरील हिशेबांत ते भक्कम होते; वादळाला मात्र कागद वाचतां येत नव्हता. त्या ठिकाणीं कोणी "आंकडे बसवून" दिले असते, तर पुढचे पूलहि तसेच बांधले गेले असते.

मग आजच्या प्रयोगशाळेनें विद्यार्थ्यास नेमकें काय द्यावें? हा प्रश्न मोठमोठ्या विद्वानांसहि सोपा वाटलेला नाहीं. अमेरिकेंत २००२ सालच्या जानेवारींत सॅन डिएगो येथें इंजिनियरिंगचे अनुभवी अध्यापक याच कामासाठीं जमले आणि त्यांनीं प्रयोगशाळेचीं तेरा उद्दिष्टें ठरविलीं. लायल फीसेल व अल्बर्ट रोझा या दोघांनीं २००५ सालीं एका निबंधांत तीं विवरण करून मांडलीं. योग्य उपकरण निवडून वापरतां येणें, पुस्तकांतील सूत्र प्रत्यक्षाशीं कितपत जुळतें तें ओळखणें, प्रयोगाची आंखणी करणें, मिळालेल्या आंकड्यांचा अर्थ लावणें, हीं तर त्यांत आहेतच. पण अपयशापासून शिकणें, हाताचें कौशल्य, सुरक्षितता, चारचौघांत मिळून काम करणें, प्रामाणिकपणा, आणि डोळे, कान, स्पर्श यांनीं वस्तूची पारख करणें, यांचाहि त्या यादींत स्वतंत्र उल्लेख आहे. आतां आपल्या घरांतील जर्नल हातीं घ्या आणि पाहा कीं, या तेरांपैकीं किती गोष्टींची परीक्षा त्यांत होते. फार तर दोन किंवा तीन, आणि त्याहि दुसऱ्याच्या वहींतून उतरलेल्या! उरलेल्या दहा गोष्टी शिकविल्या नाहींत तरी चालतात, कारण त्या कोणी विचारीतच नाहीं.

यावर कोणी म्हणेल, "असो, निदान वर्गांत शिकविलेलें शास्त्र तरी प्रयोगानें पक्कें होतें ना?" हेंहि लोकांनीं तपासून पाहिलें आहे. नटाशा होम्स, नोबेल पारितोषिक मिळविलेले पदार्थविज्ञानवेत्ते कार्ल वीमन आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, तीन संस्थांतील नऊ अभ्यासक्रमांमध्यें, प्रयोगशाळेंत गेलेल्या व न गेलेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. ज्या प्रयोगांचा हेतु केवळ वर्गांतला धडा पक्का करणें हा होता, त्यांच्यामुळें परीक्षेंतील उत्तरांत मोजण्यासारखा फायदा आढळला नाहीं. म्हणजे एवढा खर्च, एवढा वेळ, एवढी यंत्रसामग्री, आणि हातीं कांहीं नाहीं!

पण याच मंडळींनीं दुसरी बाजूहि दाखविली आहे. कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांत होम्स, वीमन व बॉन यांनीं केलेला एक उपक्रम २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. प्रयोग अगदीं जुना, लंबकाचा. लंबक १० अंशांतून सोडला काय किंवा २० अंशांतून सोडला काय, त्याच्या झोक्यास वेळ सारखाच लागतो असें आपण शाळेंत शिकतों. विद्यार्थ्यांस सांगितलें, "दोन्ही वेळा मोजा, त्यांची तुलना करा, मग मोजण्याची रीत सुधारा आणि पुन्हा मोजा." एक मीटर लांबीच्या लंबकास वीस झोक्यांना सुमारें ४० सेकंद लागतात, १० आणि २० अंशांच्या झोक्यांत वीस झोक्यांमागें जेमतेम पाव सेकंदाचा फरक पडतो. घाईनें मोजलें तर तो दिसत नाहीं. काळजीनें मोजलें तर दिसतो, आणि शाळेंतलें सूत्र लहान झोक्यांपुरतेंच खरें आहे हें विद्यार्थ्यास स्वतःच्या हातानें सांपडतें. अशा रीतीनें शिकलेले विद्यार्थी, नेहमींच्या रीतीनें शिकलेल्यांच्या मानानें बारापट अधिक प्रमाणांत, कोणी न सांगतां आपली मोजण्याची पद्धति सुधारूं पाहात होते. आणि ही संवय पुढच्या वर्षींच्या दुसऱ्या अभ्यासक्रमांतहि टिकून राहिलेली दिसली. उपकरण महाग नव्हतें. दोरी, गोळा आणि घड्याळ. बदललें होतें तें काय विचारलें जातें आणि कशास गुण मिळतात, एवढेंच.

तेव्हां आंखणीचें पहिलें सूत्र हें कीं, शेवटापासून आरंभ करावा. सत्र संपल्यावर विद्यार्थ्यास काय करतां आलें पाहिजे, हें प्रथम लिहावें. मग तें करतां येतें कीं नाहीं हें कसें ओळखावयाचें तें ठरवावें. आणि प्रयोग कोणते, हा विचार सर्वांच्या शेवटीं यावा. आपल्याकडे बहुधा याच्या उलट होतें: कपाटांत कोणतीं यंत्रें आहेत त्यावरून प्रयोग ठरतात, प्रयोगांवरून वही ठरते, आणि उद्दिष्टें मागाहून प्रस्तावनेंत लिहिलीं जातात. २०१४ सालीं भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सभासद झाल्यापासून आपल्या कॉलेजांतूनहि "फलनिष्पत्तीचे" तक्ते भरले जातात. पण तक्ता भरणें निराळें आणि सळईपाशीं उभें राहणें निराळें.

तोच सळईचा प्रयोग असा करतां येईल. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक गटास निरनिराळ्या व्यासाची सळई द्यावी, म्हणजे उतरण्यासारखें कांहीं उरणारच नाहीं. यंत्र सुरू करण्यापूर्वीं, सळई किती लांबेल याचा अंदाज त्यांच्याकडून लिहून घ्यावा. मग मोजपट्टी या कामीं निरुपयोगी आहे हें त्यांचें त्यांनाच कळेल. नंतर लांबणें एकदां यंत्राच्या पट्टीवरून व एकदां सळईसच चिकटविलेल्या एक्स्टेन्सोमीटरनें मोजावें. दोन उत्तरें येतील, आणि तीं जुळणार नाहींत. आतां खरा प्रश्न विचारावा: "कां?" या एका प्रयोगास दोन आठवडे लागतील. लागूं द्यावेत. सत्रांत आठ-दहा प्रयोग उरकण्यापेक्षां चार प्रयोग अशा रीतीनें झाले तर तोटा नाहीं.

परीक्षेविषयीं बोलावयाचें तर आपल्या स्वयंपाकघरांत या बाबतींत कॉलेजांपेक्षां अधिक शहाणपण आहे. सुनेला पुरणपोळी येते कीं नाहीं, हें सासूबाई कृति लिहून आणावयास सांगून ठरवीत नाहींत. पुरणांत उलथनें उभें राहतें कीं नाहीं हें त्या पाहतात, पाक एकतारी झाला कीं दोनतारी, तें बोटांच्या चिमटींत पाहून सांगावयास सांगतात, आणि पोळी तव्यावर फुटली तर "कां फुटली?" असें विचारतात. कृति पाहावी, कारण विचारावें, आणि चूक दुरुस्त करतां येते कीं नाहीं तें पाहावें. प्रयोगशाळेच्या परीक्षेंतहि याहून निराळें कांहीं नको.

पहिली गोष्ट, आंकडे यंत्रापाशींच, बांधीव वहींत, शाईनें लिहिले जावेत. चुकलेला आंकडा खोडरबरानें न पुसतां त्यावर एक रेघ ओढावी, आणि शिक्षकांची सही तेथल्या तेथें व्हावी. सुवाच्य प्रत घरीं करण्याची गरजच उरणार नाहीं. दुसरी, सत्राच्या शेवटीं प्रत्येकास एकेकट्यानें एक लहानसें पण नवें काम द्यावें. उदाहरणार्थ, डायल गेजचा कांटा शून्यावर नसतांना तें हातीं द्यावें आणि तें त्याच्या ध्यानांत येतें का पाहावें. पांच-सहा जणांच्या गटांत एक करतो व बाकीचे पाहतात, ही गोष्ट सर्वांनाच ठाऊक आहे. ती अशाच परीक्षेंत उघडी पडते. तिसरी, तोंडी परीक्षेंत व्याख्या विचारण्याऐवजीं असें विचारावें: "हें तुझें उत्तर, तें किती अधिक-उणें असूं शकेल? आणि तें तुला कशावरून वाटतें?" गुण पुस्तकाशीं जवळीक पाहून न देतां या उत्तराच्या सचोटीवर द्यावे, आणि ते कसे दिले जातील हें विद्यार्थ्यांस आरंभींच सांगून ठेवावें. सदुसष्ट हजार लिहून "यंत्र लवलें असावें, तें असें तपासतां येईल" असें सांगणाऱ्यास दहा. आणि दोन लक्ष पांच हजार लिहून गप्प राहणाऱ्यास चार.

विद्यार्थ्यांची परीक्षा होते तशी अभ्यासक्रमाचीहि झाली पाहिजे. पहिल्या व शेवटच्या दिवशीं एकच लहान काम देऊन फरक पाहावा, हा एक सोपा मार्ग. अमेरिकेंत कोलोरॅडो विद्यापीठांत तयार झालेली एक प्रश्नावली आहे. तीमध्यें प्रयोगासंबंधीं एकेका विधानावर विद्यार्थ्यास दोन प्रश्न विचारतात: तुझें स्वतःचें मत काय, आणि प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञाचें मत काय असेल? शास्त्रज्ञ कसा विचार करील हें ठाऊक असूनहि विद्यार्थी स्वतः तसा विचार करीत नसेल, तर तें अंतर या दोन उत्तरांतून दिसून येतें.

अडचणी आहेत, हें मी नाकारीत नाहीं. विद्यार्थी पुष्कळ, शिक्षक थोडे, यंत्रें जुनीं, आणि बाहेरच्या परीक्षकास एका दिवसांत सर्वांस उरकावयाचें असतें. पण शेंकडों पानें न वाचतां सह्या करण्यांत जाणारा वेळ वांचला, तर त्यांतून तोंडी परीक्षेची पांच-दहा मिनिटें सहज निघतील. कोणी म्हणतील, आतां संगणकाच्या पडद्यावरच प्रयोग करतां येतात, दिल्लीच्या आय. आय. टी.च्या पुढाकारानें सरकारनें अशा आभासी प्रयोगशाळा उघडल्याहि आहेत. २०२० सालीं साथीमुळें कॉलेजें बंद पडलीं, तेव्हां अशा साधनांचा आधार झाला, आणि प्रयोगशाळेंत जाण्यापूर्वीं तयारी करावयास तीं आजहि उत्तम आहेत. पण पडद्यावरची सळई जबड्यांतून सरकत नाहीं. कोणी तशी योजना करून ठेवली तरच सरकते. अनपेक्षित गोष्ट घडण्यासाठीं खरी सळई आणि खरें यंत्रच पाहिजे.

शेवटीं, कॉलेजें सुधारेपर्यंत घरच्या माणसांनीं काय करावें? दोन गोष्टी करतां येतील. पुढच्या सबमिशनच्या रात्रीं मुलाला चहा अवश्य करून द्यावा. पण त्याची वही लिहूं नये. आणि एरवीं, "किती मार्क पडले?" असें विचारण्याऐवजीं एखादे दिवशीं जेवतांना विचारावें, "आज प्रयोगांत काय चुकलें?" पहिल्या दिवशीं तो चमकेल, कांहीं चुकलें नाहीं असेंहि म्हणेल. विचारीत राहावें. ज्या दिवशीं तो घांस हातांत तसाच ठेवून सांगूं लागेल कीं, सळई सरकली, उत्तर भलतेंच आलें, आणि उद्यां आम्ही तें पुन्हा मोजणार आहों, त्या दिवशीं त्याचें शिक्षण सुरू झालें असें समजावें. मग त्याच्या वहींत दोन लक्ष असोत कीं सदुसष्ट हजार, त्यानें सही केलेल्या पुलावरून आपल्याला निर्धास्तपणें जातां येईल.